केवळाबाईची तीनची शिकवणी

लातूरजवळच्या मुरुडात मागं एक आवई उठली होती. उमाशंकर मास्तर आणि हणमंतरावांची केवळाबाई, या दोघांचं काहीतरी चाललंय.

पहिल्यांदा कोण बोललं ते कुणालाच ठाऊक नाही. पण लिंबाजीच्या हॉटेलात ती आवई चहासोबत मिळायची, आणि चहापेक्षा गरम असायची. लिंबाजीचं हॉटेल मास्तरांच्या ओसरीच्या बरोबर समोर, त्यामुळं त्याचा शब्द म्हणजे पंचनामा. बाई आठवड्यातून तीनदा दुपारी तीनच्या ठोक्याला येते, दीड वर्ष झालं येते, आणि पुस्तक उघडतं ते दर वेळी पहिल्याच पानावर. त्या चित्रातलं सफरचंद एव्हाना सडलं असेल, पण पान काही उलटत नाही. आणि एकदा तर लिंबाजीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, मास्तरांनी स्वतःची दस्ती काढून बाईच्या हातात दिली. दस्ती म्हणजे साधा हातरुमाल. पण लिंबाजी ते अशा सुरात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, डोरलंच दिलं.

मास्तर सदुसष्ट वर्षांचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. केवळाबाई छप्पन्नची, काळजात दोन स्प्रिंगा बसवलेल्या. त्यावर कुणीतरी म्हणायचंच, अरे, दोघांचे मिळून गुडघे चार आणि त्यातले तीन निकामी, यांचं काय चालणार? मग लिंबाजी बशीत चहा ओतत म्हणायचा, "गुडघ्याचं कोण बोलून राहिलंय?"

आता मास्तरांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर या आवईतली खरी मेख कळायची नाही. उमाशंकर मास्तर म्हणजे मुरुडच्या हायस्कुलात तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. लातूरच्या क्लासवाल्यांनी चौकाचौकात पोरांच्या टाळक्यांएवढे मार्क छापून फ्लेक्स लावले, तशी पोरं तिकडं गेली. पण मोठी माणसं मास्तरांकडंच येत राहिली. एका वेळी एकच, ओसरीवर, समोरासमोर. दुबईला गाडी चालवायला निघालेला ड्रायव्हर, पुण्यात नांदायला चाललेली सून, बँकेत लाजणारा सोसायटीचा चेअरमन. मास्तरांची रीत ठरलेली. एबीसीडी नाही, पाढे नाहीत. पहिल्या दिवशी विचारायचं, "कुणाला काय सांगायचंय? नाहीतर काय वाचायचंय?" आणि तिथूनच सुरू करायचं. गोळ्यांचं पाकीट, बियाण्याची पिशवी, बँकेचा फॉर्म, माणसानं घरून जो कागद आणला तेच पुस्तक. चाळीस दिवसांत माणूस स्वतःच्या कामापुरता मोकळा. मास्तर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "चाळीस दिवसांत म्हैससुद्धा फॉर्म भरंल, फक्त तिला फॉर्मची गरज पाहिजे."

अशा माणसाकडं एक हुशार बाई दीड वर्ष शिकते आणि सफरचंदापुढं सरकत नाही. म्हणजे मास्तर मुद्दाम शिकवत नाहीत. शिकवलं तर बाई यायची बंद होईल ना. लिंबाजीचा हिशेब सरळ होता.

आणि त्यातलं निम्मं, खोटं कशाला बोला, बरोबर होतं.

झालं होतं असं. हणमंतरावांना एकच लेक, अंगद. मुंबईच्या एका कंपनीच्या मालवाहू जहाजावर फिटर. मुरुडच्या पोरानं विहीर सोडून पाणी पाहिलं नव्हतं आणि हा समुद्रावर पगार घ्यायचा. वर्षातून नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. घरी आला की आईला म्हणायचा, आये, तिकडं सगळं हाय, फक्त तुझ्या हातची येसराची आमटी न्हाई. त्याची बायको ऋतुजा हदगावची, बीएस्सी झालेली, बोलायला मऊ, कामाला चपळ.

एका सकाळी ऋतुजाच्या फोनवर कंपनीचा फोन आला. अंगद जहाजावरनं पाण्यात पडला होता. तीन दिवस शोधलं, सापडला नाही.

केवळाबाईच्या काळजात स्प्रिंगा बसवून तेव्हा बरोबर एकोणीस दिवस झाले होते. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसू द्यायचा नाही, मीठ आणि वाईट बातमी दोन्ही बंद. ऋतुजानं गोठ्यात जाऊन सासऱ्यांना सांगितलं. हणमंतरावांनी गव्हाणीला धरलं, आणि मग आपल्याकडं जे करतात तेच केलं. आपल्याकडं मरणाची खबर सरळ सांगायची रीत नाही. बाप गेला तरी पोराला फोन जातो तो 'तब्येत जरा सिरियस हाय, निघून या' एवढाच. माणूस दारात पोचून गर्दी बघतो तेव्हा त्याचं तो समजतो. हणमंतरावांनी तीच रीत लांबवली. जहाज परदेशात अडकलंय, कोर्टाचं लफडं हाय, पोरांचे फोन काढून घेतलेत, सुटायला वेळ लागंल. असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि दोन-तीन महिन्यांनी, तब्येत सुधारली की, खरं सांगू असं ठरवलं. दोन-तीन महिने झाले. मग सांगायला जीभ उचलेना.

आणि नवल म्हणजे गावानं साथ दिली. ज्या मुरुडात कुणाच्या घरी कोणती डाळ शिजली हे चौथ्या गल्लीत कळतं, त्या मुरुडानं हे एक गुपित दाताखाली धरलं. केवळाबाई समोरून आली की बायका लग्नाचं, पापडाचं, सिरियलीचं बोलायच्या. कदाचित म्हणूनच ती दुसरी आवई एवढी फोफावली. खरं बोलायचं नसलं की माणसाच्या तोंडाला काहीतरी चघळायला लागतंच.

नंतर कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत. गावात इंग्रजी पत्र आलं की ते मास्तरांकडंच जातं. हणमंतरावांनी त्यांना शेतात बोलावून घेतलं. बोअरच्या कट्ट्यावर बसून मास्तरांनी ओळ न् ओळ मराठीत करून सांगितली. तेहेतीस वर्षांत एवढं वाईट भाषांतर त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. मग दोघं मिळून नांदेडला गेले. घरी सांगितलं, ट्रॅक्टरचा पार्ट आणायचाय. गोदावरीच्या घाटावर भटजींनी दर्भाचा पुतळा केला आणि देहावाचून जे करायचं ते केलं. भटजी म्हणाले, क्षौर करावं लागंल. हणमंतरावांनी मिशीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही न्हाई काढता येत. तिला कळंल." भटजींनी दर्भाचं पातं मिशीला लावलं आणि झालं म्हणाले.

सगळं झाकलं, पण पत्राचा लिफाफा केवळाबाईनं पाहिला होता. पोस्टमननं तिच्याच हातात दिला होता तो. पत्रात काय हाय, तिनं विचारलं. जहाज अडकल्याचंच हाय, हणमंतराव म्हणाले. ती म्हणाली, मग मला इंग्रजी शिकायचंय. लेकाच्या कंपनीचं पत्र मी माझं वाचीन.

नको म्हणावं तर संशय. हणमंतराव म्हणाले, जा की मास्तरांकडं. आणि तिच्या आधी तेच मास्तरांकडं पोचले. ओसरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, आजवर तुमी कुणाला शिकवायचं ठेवलं न्हाई. हिला ठेवा. शिकून राहिली असं तिला वाटू द्या, पर पोचू देऊ नका."

मास्तरांनी मान हलवली. त्या मानेचं त्यांना पुढं फार ओझं झालं.

केवळाबाई आली. सातवीपर्यंत शिकलेली, हिशेबात पक्की, नजर टाचणीसारखी. मास्तरांनी तिला जन्मात पहिल्यांदा तो प्रश्न विचारलाच नाही. काय वाचायचंय, हे विचारायची सोय नव्हती. बाजारातनं बालवाडीचं पुस्तक आणलं होतं, ते उघडलं आणि सफरचंद दाखवलं. केवळाबाईनं सफरचंदाकडं पाहिलं, मग मास्तरांकडं पाहिलं. "मास्तर, ड्रायव्हरला पण हेच दावलं होतं का?"

"पाया पक्का पाहिजे," मास्तर म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना लातूरच्या क्लासवाल्यासारखा वाटला.

महिनामहिना ते तिला फळं, पक्षी, रंग यांच्यात फिरवत राहिले. ती एका दिवसात जे शिकायची ते पुढच्या वेळी मास्तर पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे. ती विचारायची, पत्राला कधी हात घालायचा? ते म्हणायचे, अजून वेळ हाय. शिकवणीच्या दिवशी रात्री ते जेवायचे नाहीत. चांगलं शिकवणाऱ्या माणसाला वाईट शिकवायला किती कष्ट पडतात, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

आठव्या महिन्यात एका दुपारी केवळाबाईनं पिशवीतून कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि उलटं करून मास्तरांपुढं ठेवलं. मास्तरांच्या हातातला खडू तिथंच थांबला. ते पत्र होतं. मूळ नव्हे, मूळ कपाटात, आणि घरातून हलवलं तर मालकांना कळणार. म्हणून तिनं हणमंतराव शेतात गेले की रोज थोडं थोडं ते उतरून घेतलं होतं. अक्षरं कळत नव्हती, तर रांगोळीचा कणा उतरवतात तसं, रेघेला रेघ लावून. जिथं जिथं पेन उचललेलं दिसलं तिथं तिनंही उचललं. कंपनीच्या चिन्हातला जहाजाचा नांगर काढला होता, शिक्का काढला होता, शिक्क्यातली पुसट झालेली बाजूसुद्धा तेवढीच पुसट काढली होती. सव्वा महिना लागला म्हणाली.

"वाचा," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा पुसला. मग त्यांनी वाचलं. जहाज अडकलंय, कोर्टात तारीख पडून राहिलीय, सगळे सुखरूप हायत, काळजी नसावी. त्यांनी बोटसुद्धा ओळीवरून फिरवलं.

केवळाबाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमी पत्र न्हाई वाचलं. तुमी मालकांचं बोलणं वाचलं."

आणि तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. तो तिच्या सासूचा मृत्यूचा दाखला होता. ग्रामपंचायतीचा दाखला, वर मराठीत 'मृत्यू प्रमाणपत्र', त्याच्याच बाजूला तेच इंग्रजीत. तिनं एक बोट दाखल्यावर ठेवलं आणि दुसरं कॅलेंडरच्या पानावर, चौथ्या ओळीत. दोन्हीकडं तोच शब्द होता. तो तिला कुणी शिकवला नव्हता. तिनं नुसतं रेघेला रेघ जुळवून पाहिली होती.

"हा एकच शब्द मला पाहिजे होता," ती म्हणाली. "बाकी तुमच्या सफरचंदाचं काय करू?"

मग ती रडली. आवाज दाबून, पदर तोंडात कोंबून, अख्खं अंग हलवत. मास्तरांना स्प्रिंगांची भीती वाटली, डॉक्टरांचे शब्द आठवले, काय करावं कळेना. त्यांनी खिशातली दस्ती काढून दिली. समोर लिंबाजीनं चहाची गाळणी तशीच धरून ठेवली होती.

रडणं ओसरल्यावर तिनं मास्तरांकडून पत्र ओळीओळीनं खरंखुरं वाचून घेतलं, तो शब्द कसा म्हणायचा ते विचारलं, आणि मग वचन घेतलं. घरी कळू द्यायचं नाही. त्यांना वाटू द्या मला ठाऊक न्हाई. ती म्हणाली, मालक रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून जहाजाच्या गोष्टी रचतात. तेवढ्या वेळ त्यांना पण वाटतं, लेक हाय कुठंतरी. मी ठाऊक हाय म्हणाले तर त्यांचा लेक त्याच दिवशी जाईल. "आन् सून माझ्यासमोर कपाळाला कुंकू लावून फिरती. ती पुसताना मी कशी बगू?"

मास्तरांनी दुसऱ्यांदा मान हलवली. आता नवऱ्याचं वचन एका खांद्यावर, बायकोचं दुसऱ्यावर.

त्यानंतर दहा महिने ती येत राहिली. पुस्तक पहिल्याच पानावर उघडायचं, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असं. आणि ती अंगदचं बोलायची. पहिल्यांदा विहिरीत उडी मारली तेव्हा किती ओरडला होता. लग्नात हळद लागल्यावर कसा शिंकत सुटला. मास्तरांकडं शाळेतल्या त्याच्या दोन-तीन गोष्टी होत्या. त्या संपल्यावर त्यांनी काही रचून सांगितल्या. तिला ते कळत असावं. चार वाजायला आले की ती तोंड धुवायची, कुंकू नीट करायची आणि काही ठाऊक नसलेल्या बाईचा चेहरा लावून घरी जायची.

आणि मग एक दिवस ओसरीवर ऋतुजा आली.

तिनं बसायचं नाकारलं. खांबाला टेकून उभीच राहिली, आणि म्हणाली, "सर, तुम्ही आत्यांना नीट शिकवा."

सासूला ती आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामा.

"मामांनी तुम्हाला काय सांगितलंय मला ठाऊक आहे. पण माझ्यानं होत नाही आता. मी रोज आरशासमोर उभी राहून कुंकू लावते. सणाला मला हिरव्या बांगड्या भरतात. वटपौर्णिमेला आत्यांसोबत वडाला सूत गुंडाळलं मी, सर. सात फेऱ्या घातल्या." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मला रडायचं असलं तर हदगावला जायला लागतं. आई आजारी आहे म्हणून सांगते आणि जाऊन रडून येते. त्यांनी एकदा ते पत्र वाचलं की मी सुटेन."

ती गेल्यावर मास्तर संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून होते. तीन माणसं एका छपराखाली, तिघांना ठाऊक, आणि तिघं एकमेकांसाठी झाकून राहिलेले. त्यातली दोन म्हातारी झाकून का होईना जगून राहिली होती. सव्वीस वर्षांची पोर मात्र त्या झाकणाखाली गुदमरत होती. आणि झाकणावर बसलेत कोण, तर आपण.

पुढच्या तीनच्या शिकवणीला त्यांनी ते झाकण उचललं. सून काय बोलली ते जसंच्या तसं केवळाबाईला सांगितलं, वडाच्या सात फेऱ्यांसकट.

केवळाबाई त्या दिवशी रडली नाही. पुस्तक स्वतःच मिटलं आणि उठून गेली. आठवडाभर फिरकली नाही. लिंबाजीनं जाहीर केलं, भांडण झालंय.

नवव्या दिवशी तिचा निरोप आला, मास्तरांनी सकाळी घरी यावं, परीक्षा घ्यायची हाय. मास्तर गेले तेव्हा हणमंतराव बाजेवर बसून चहा पीत होते आणि ऋतुजा तांदूळ निवडत होती. केवळाबाई धुतलेलं लुगडं नेसून उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, कपाटातलं ते पत्र काढा. मास्तरांना दावू द्या मी काय शिकले."

हणमंतरावांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. हणमंतराव उठेनात, तेव्हा केवळाबाईनंच जाऊन पत्र आणलं. किल्ली कुठं असते हे तिला अठरा वर्षांपासून ठाऊक होतं.

तिला वाचता येत नव्हतं, हे इथं सांगायला हवं. एक शब्द सोडला तर त्या पानावरची एकही ओळ ती वाचू शकत नव्हती. पण तिनं ते उतरवताना इतकं पाहिलं होतं की कागद हातात धरून ती एक एक ओळ बोटानं दाखवत गेली आणि मराठीत सांगत गेली, जणू वाचतेय. माझा अंगद पाण्यात पडला. त्याला तीन दिवस शोधला. तो सापडला न्हाई. तो गेला. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि तिथं तिनं तो एक शब्द इंग्रजीत वाचला, स्वच्छ, मास्तरांच्या वर्गातल्या पोरासारखा.

हणमंतरावांच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. तो त्यांनी झटकला नाही. ते इतकंच म्हणाले, "कधीपासून?"

"लई दिवस झालं."

मग तो माणूस रडला. दीड वर्षाहून जास्त साठवलेलं, बाजेवर आडवं होऊन, लहान लेकरासारखं. ऋतुजा तांदळाचं सूप तसंच मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचेही डोळे आता कुणाची परवानगी न घेता वाहत होते. केवळाबाई मधे उभी, कुणाकडं आधी जावं हे न कळलेली. शेवटी ती सुनेजवळ बसली आणि तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मास्तर चपला हातात घेऊनच बाहेर पडले; दारात घालायचं भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हणमंतरावांनी मिशी उतरवली.

पंधरा दिवसांनी ऋतुजा हदगावला जायला निघाली. नांदेडला एका लॅबमध्ये नोकरीचं बघितलं होतं तिच्या भावानं. गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. केवळाबाईनं खण, नारळ, तांदूळ घेतले आणि सगळ्यांसमोर तिची ओटी भरली. मग करंडा उघडला आणि आपल्या हातानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. बायकांचे पदर तोंडाशी गेले. त्यातली गुणाबाई म्हणाली, "अगं, काय करून राहिलीस? विधवा हाय ती."

"माझी लेक हाय," केवळाबाई म्हणाली. "लावायचं का पुसायचं ते आता तिचं ती बगंल. कुणी दुसरी स्थळं आणली तर, ऋतुजा, मला कळव. मी येईन लग्नाला."

बस गेली. केवळाबाई घरात गेली आणि दार लोटून घेतलं. आतून रडण्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत आला, मोकळा, घरभर.

त्यानंतर ती मास्तरांकडं कधी आली नाही. मास्तर मात्र बरेच दिवस तीनला ओसरीवर सतरंजी टाकत राहिले. लिंबाजी लोकांना ते डोळ्यांनी दाखवायचा, बघा, वाट बघून राहिलेत. एकदा त्यानं तोंडावरच विचारलं, मास्तर, बाईला दीड वर्षात नेमकं काय शिकवलंत हो?

त्या एका शब्दापलीकडं मास्तरांनी केवळाबाईला इंग्रजीचं काहीही शिकवलं नव्हतं. त्या घरात तिला लेकासाठी रडता येत नव्हतं, म्हणून शेवटचे दहा महिने ती मास्तरांच्या ओसरीवर रडायला येत होती.